विश्लेषण : ३० वर्षे गोठवलेल्या भ्रूणातून बाळ… अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबे ‘भ्रूण दत्तक’ का घेत आहेत?

अमेरिकेतील ओहायो राज्यात जुलै २०२५ मध्ये एका मुलाचा जन्म झाला. ज्या भ्रूणातून तो जन्मला, तो मे १९९४ मध्ये तयार करण्यात आला होता. म्हणजे हे बाळ जन्माला येण्यापूर्वी ३० वर्षांहून अधिक काळ द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत होते. त्याच वेळी तयार झालेल्या दुसऱ्या भ्रूणातून जन्मलेली त्याची जैविक बहीण आज तिशीत आहे आणि तिला स्वतःची दहा वर्षांची मुलगी आहे. नात्याच्या हिशेबाने हे तान्हे बाळ त्या मुलीचा मामा लागते!

हा विक्रम जगभर गाजला. पण मुद्दा केवळ विक्रमाचा नाही. दुसऱ्या जोडप्याचे उरलेले भ्रूण आपल्या कुटुंबात ‘दत्तक’ घ्यायचे, ते पत्नीच्या गर्भाशयात वाढवायचे आणि त्या मुलाला आपलेच म्हणून जन्म द्यायचा, ही पद्धत अमेरिकेत गेली जवळपास तीन दशके रुजते आहे. तिच्यामागे प्रामुख्याने ख्रिस्ती संस्था आणि ख्रिस्ती कुटुंबे आहेत. श्रद्धा, विज्ञान, कायदा आणि राजकारण या चारही गोष्टी तिच्यात एकत्र आल्या आहेत. ही पद्धत काय आहे, तिच्यावर आक्षेप कोणते आणि भारतात असे करता येते का, याचा हा आढावा.

ताजी प्रकरणे काय आहेत?

ओहायोतील दांपत्य सुमारे सात वर्षे मुलासाठी प्रयत्न करत होते. दुसरीकडे, ओरेगॉनमधील एका महिलेने १९९४ मध्ये आयव्हीएफ उपचार घेतले होते. त्यात चार भ्रूण तयार झाले. एकातून तिला मुलगी झाली, तीन गोठवून ठेवण्यात आले. पुढे घटस्फोट झाला, भ्रूणांचा ताबा तिच्याकडे आला. साठवणुकीसाठी वर्षाला हजार डॉलरच्या घरात खर्च होत असतानाही ते नष्ट करण्यास तिचे मन धजावले नाही. ते संशोधनाला देणे किंवा अनोळखी व्यक्तीला निनावी देणेही तिला मान्य नव्हते. अखेर एका ख्रिस्ती दत्तक संस्थेमार्फत हे तीन भ्रूण ओहायोतील दांपत्याकडे गेले. टेनेसी राज्यातील केंद्रात ते वितळवण्यात आले. एकाची वाढ थांबली, दोन गर्भाशयात सोडण्यात आले आणि त्यातील एक रुजला.

यापूर्वीचा विक्रमही अशाच एका कुटुंबाच्या नावावर होता. ओरेगॉनमधील पोर्टलंड शहराजवळ राहणाऱ्या एका ख्रिस्ती दांपत्याला ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी जुळे झाले. त्या जुळ्यांचे भ्रूण एप्रिल १९९२ मध्ये गोठवले होते. तेव्हा या बाळांचा बाप स्वतः पाच वर्षांचा होता. विशेष म्हणजे या दांपत्याला आधीच चार मुले होती. मूल होत नाही म्हणून ते या मार्गाला आले नव्हते. ज्या भ्रूणांना फारसे कोणी विचारत नाही, जे सर्वाधिक काळ पडून आहेत, ते आपण घ्यावेत, अशी त्यांची भूमिका होती. आपण भ्रूण निवडले नाहीत, ते आपली वाट पाहत होते, असा या निर्णयामागचा भाव. भ्रूण दत्तक हा केवळ वंध्यत्वावरील उपाय नसून तो काही कुटुंबांसाठी श्रद्धेचा भाग कसा आहे, हे या प्रकरणातून दिसते.

हे भ्रूण उरतात कसे?

आयव्हीएफ उपचारात स्त्रीला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे मिळवली जातात. प्रयोगशाळेत त्यांचे फलन होते. दहा-बारा बीजे मिळाली तर काही फलित होतात, त्यातील काही पाच-सहा दिवसांपर्यंत नीट वाढतात. गर्भाशयात मात्र एक किंवा दोनच सोडले जातात. अधिक सोडल्यास जुळी-तिळी होण्याचा आणि आई-बाळांच्या जिवाला धोका असण्याचा संभव वाढतो. मग उरलेले भ्रूण पुढच्या प्रयत्नासाठी गोठवतात. पहिल्याच खेपेला मूल झाले, दुसरेही झाले, कुटुंब पूर्ण झाले, की टाकीत काही भ्रूण शिल्लक राहतात.

त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उपचार सुरू करताना अर्जातील एका रकान्यापुरता असतो. मूल झाल्यावर तो जड होतो. कारण टाकीतील भ्रूण हे घरात खेळणाऱ्या मुलाचे सख्खे भावंड असू शकले असते, ही जाणीव तेव्हा होते. पर्याय चारच आहेत : स्वतः वापरणे, नष्ट करणे, संशोधनाला देणे किंवा दुसऱ्या जोडप्याला देणे. निर्णय होत नसल्याने अनेक जोडपी साठवणुकीचे शुल्क भरत राहतात. काही जण शुल्क भरणे थांबवतात, पत्ता बदलतात आणि भ्रूण बेवारस होतात.

अमेरिकेत अशा भ्रूणांची राष्ट्रीय नोंदवही नाही. एप्रिल २००२ मधील स्थितीवर आधारित एका मोठ्या पाहणीत देशभरात ३ लाख ९६ हजार ५२६ भ्रूण गोठवलेले आढळले होते. त्यातील सुमारे ८८ टक्के संबंधित जोडप्यांच्या स्वतःच्या उपचारासाठी राखून ठेवलेले होते. संशोधनासाठी २.८ टक्के, तर दुसऱ्या जोडप्यांना देण्यासाठी केवळ २.३ टक्के. आज हा एकूण आकडा दहा लाखांच्या पुढे असल्याचे सर्वसाधारण अंदाज आहेत.

तीस वर्षांनंतरही भ्रूण जिवंत कसा राहतो?

द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. या तापमानाला पेशीतील सर्व रासायनिक क्रिया व्यवहारतः थांबतात. पेशी वाढत नाही, तशी झिजतही नाही. त्यामुळे दहा वर्षे आणि तीस वर्षे यांत भ्रूणाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. टाकीतील नायट्रोजन सतत उडून जात असल्याने तो भरत राहावे लागते, एवढीच अट.

खरा धोका असतो तो गोठवताना आणि वितळवताना. पेशीतील पाण्याचे स्फटिक झाले तर ते पेशीचे आवरण फाडतात. नव्वदच्या दशकात भ्रूण संथ गतीने थंड केले जात. त्यात स्फटिक होण्याची शक्यता अधिक होती. आता ‘व्हिट्रिफिकेशन’ हे तंत्र वापरले जाते. त्यात पाणी काढून संरक्षक द्रव भरला जातो आणि भ्रूण इतक्या वेगाने थंड केला जातो, की स्फटिक बनायला अवधीच मिळत नाही. तो काचेसारखा घट्ट होतो. म्हणून आजचे भ्रूण वितळवताना वाचण्याचे प्रमाण खूप वाढले आहे. १९९२ किंवा १९९४ चे भ्रूण मात्र जुन्या तंत्राचे आहेत आणि ते हाताळणे अधिक कठीण असते. अनेक केंद्रे असे जुने भ्रूण स्वीकारतच नाहीत.

गोठवलेल्या भ्रूणापासून जगातील पहिली गर्भधारणा १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदली गेली आणि १९८४ मध्ये मेलबर्नमध्ये अशा बाळाचा जन्म झाला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मात्र, कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी त्याआधीच, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेल्या ‘दुर्गा’ या बाळासाठी गोठवलेला भ्रूण वापरल्याचे सांगितले होते. त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले.

‘भ्रूण दत्तक’ची सुरुवात कशी झाली?

कॅलिफोर्नियातील ‘नाइटलाइट ख्रिश्चन अ‍ॅडॉप्शन्स’ या संस्थेने १९९७ मध्ये ‘स्नोफ्लेक्स’ हा कार्यक्रम सुरू केला. स्नोफ्लेक म्हणजे हिमकण. प्रत्येक हिमकण गोठलेला आणि दुसऱ्यापेक्षा वेगळा, तसाच भ्रूणही, हा नावामागचा विचार. या कार्यक्रमातील पहिले बाळ ३१ डिसेंबर १९९८ रोजी जन्मले. २००३ मध्ये टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे ‘नॅशनल एम्ब्रियो डोनेशन सेंटर’ स्थापन झाले. तेही ख्रिस्ती विचारांचे. या दोन्ही संस्थांमार्फत प्रत्येकी हजाराहून अधिक मुले जन्मल्याचे त्यांचे म्हणणे आहे. इतर आयव्हीएफ केंद्रेही एका जोडप्याचे भ्रूण दुसऱ्याला देतात, पण ते त्याला ‘भ्रूणदान’ म्हणतात. अशा सर्व मार्गांनी २००४ ते २०१९ या काळात अमेरिकेत आठ हजारांहून अधिक मुले जन्मली.

ख्रिस्ती कुटुंबेच पुढे का?

याचे मूळ ‘जीवन कधी सुरू होते’ या प्रश्नाच्या उत्तरात आहे. अमेरिकेतील इव्हँजेलिकल पंथीय आणि कॅथलिक यांच्यातील मोठा वर्ग असे मानतो, की फलनाच्या क्षणीच मानवी जीवन सुरू होते. गर्भपाताला त्यांचा विरोध याच भूमिकेतून येतो. हे एकदा मान्य केले, की टाकीतील भ्रूण हा पेशींचा पुंजका उरत नाही. तो कोणीही न स्वीकारलेले मूल ठरतो. मग त्याला घर देणे हे अनाथ मुलाला घर देण्यासारखेच. बायबलमध्ये अनाथांची काळजी घेण्याचा आदेश आहे आणि अमेरिकी चर्चमध्ये दत्तक घेण्याची परंपरा बळकट आहे. भ्रूण दत्तक ही त्या परंपरेची पुढची पायरी म्हणून मांडली जाते.

त्याला व्यावहारिक बाजूही आहे. वंध्यत्वाने त्रासलेल्या ज्या जोडप्यांना स्वतःचे आयव्हीएफ करून आणखी भ्रूण उरवणे सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, त्यांना हा मधला मार्ग वाटतो. खर्चही पूर्ण आयव्हीएफ किंवा परदेशातून दत्तक घेण्याच्या तुलनेत बहुधा कमी येतो. शिवाय, गर्भारपणाचा आणि बाळंतपणाचा अनुभव मिळतो. पोटातील बाळाच्या आहाराची, आरोग्याची काळजी पहिल्या दिवसापासून आईला घेता येते. नेहमीच्या दत्तक प्रक्रियेत हे शक्य नसते.

प्रक्रिया कशी चालते?

‘स्नोफ्लेक्स’सारख्या कार्यक्रमात नेहमीच्या दत्तक विधानाचीच वाट अनुसरली जाते. इच्छुक जोडप्याच्या घरी समाजकार्यकर्ता भेट देतो. उत्पन्न, आरोग्य, गुन्हेगारी पार्श्वभूमी, वैवाहिक जीवन तपासले जाते. जोडपे स्वतःची माहिती आणि छायाचित्रे देते. भ्रूण देणारे कुटुंब ती पाहून निवड करते. धर्म, वंश, वैवाहिक स्थिती, भविष्यात किती संपर्क ठेवायचा, याच्या अटी घालता येतात. दोन्ही बाजूंचे जुळले, की करार होतो, भ्रूण विशेष पेटीतून केंद्रात पाठवले जातात आणि औषधांनी गर्भाशयाची तयारी करून आरोपण केले जाते.

यातून मूल होईलच, याची खात्री नसते. वरील दोन प्रकरणांतील हिशेब बोलका आहे. ओरेगॉनच्या जुळ्यांसाठी पाच भ्रूण वितळवले. दोन टिकले नाहीत, तिघांचे आरोपण झाले, दोन जन्मले. ओहायोत तीनपैकी एक जन्मला. म्हणजे एकूण आठ भ्रूणांमधून तीन बाळे. भ्रूणाला मूल मानणाऱ्या कुटुंबासाठी उरलेल्या पाचांचा अर्थ काय, हा प्रश्न अवघड आहे. ही कुटुंबे त्याचे दुःख मानतात. पण टाकीत अनंतकाळ ठेवणे म्हणजे जीवन नव्हे, संधी देणे महत्त्वाचे, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

धर्मपीठांमध्ये एकमत आहे का?

नाही. कॅथलिक चर्चचा आयव्हीएफलाच विरोध आहे. व्हॅटिकनने १९८७ मध्ये तो स्पष्ट केला. मूल पती-पत्नीच्या मीलनातून यावे, प्रयोगशाळेतून नव्हे, ही त्यामागची भूमिका. मग आधीच तयार झालेल्या भ्रूणांचे काय? २००८ मधील ‘डिग्निटास पर्सोने’ या दस्तऐवजात व्हॅटिकनने भ्रूण दत्तकामागचा हेतू स्तुत्य असल्याचे म्हटले. मात्र त्यात अनेक अडचणी असल्याचेही नमूद केले. हजारो बेवारस भ्रूणांची स्थिती हा असा अन्याय आहे, की जो निस्तरताच येत नाही, असा त्याचा सूर आहे. संपूर्ण बंदी नाही आणि परवानगीही नाही, अशा या भूमिकेमुळे कॅथलिक नीतितज्ज्ञांमध्येही आजवर दोन तट आहेत.

प्रोटेस्टंट बाजूला वारे वेगळे आहेत. अमेरिकेतील सर्वात मोठा प्रोटेस्टंट संघ असलेल्या ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ने जून २०२४ मध्ये इंडियानापोलिस येथील अधिवेशनात ठराव करून आयव्हीएफमध्ये भ्रूण नष्ट होण्याबद्दल चिंता व्यक्त केली. त्याच ठरावात गोठवलेले भ्रूण दत्तक घेण्याचा विचार करण्याचे आवाहन जोडप्यांना करण्यात आले. त्याच संघातील अनेक कुटुंबांत आयव्हीएफने जन्मलेली मुले असल्याने हा ठराव त्यांच्यासाठी सोपा नव्हता.

कायदा भ्रूणाला काय मानतो?

येथेच खरी गुंतागुंत आहे. ‘दत्तक’ हा शब्द वापरला जात असला, तरी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हा व्यवहार दत्तक कायद्याखाली येत नाही. कागदोपत्री तो मालमत्तेच्या हस्तांतरणासारखा करार असतो. मूल जन्मल्यावर, त्याला जन्म देणारी स्त्रीच त्याची आई ठरते.

राज्याराज्यांत भूमिका बदलते. लुइझियानात १९८६ पासून प्रयोगशाळेतील भ्रूणाला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा आहे आणि तो हेतुपुरस्सर नष्ट करता येत नाही. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये घटस्फोटित दांपत्याच्या वादात वेगळी रेघ ओढली. भ्रूण ही व्यक्ती नाही आणि निव्वळ वस्तूही नाही; त्याला विशेष आदराचे मधले स्थान आहे, असे न्यायालयाने म्हटले. पत्नीला ते भ्रूण निपुत्रिक जोडप्याला द्यायचे होते, पतीला आपल्या इच्छेविरुद्ध बाप व्हायचे नव्हते. न्यायालयाने पतीचे म्हणणे मान्य केले. जॉर्जियाने २००९ मध्ये कायदा करून भ्रूणाचे हक्क जन्मापूर्वी लेखी कराराने सोपवण्याची आणि न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश घेण्याची सोय केली.

सर्वात मोठा धक्का बसला तो अलाबामात. २०२० मध्ये तेथील एका रुग्णालयात एक रुग्ण भ्रूण साठवलेल्या कक्षात शिरला, त्याने भ्रूण उचलले आणि अतिथंड वस्तूने हात पोळल्याने ते खाली पडून नष्ट झाले. संबंधित जोडप्यांनी दावा दाखल केला. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, १८७२ च्या अपमृत्यूविषयक कायद्यानुसार गोठवलेले भ्रूणही ‘मूल’च असल्याचा निकाल दिला. निकालानंतर राज्यातील आयव्हीएफ केंद्रांनी धडाधड उपचार थांबवले. भ्रूण वितळताना खराब झाला तर मृत्यूचा खटला होणार का, ही त्यांची भीती होती. सरकारला घाईने पावले उचलावी लागली. ६ मार्च रोजी केंद्रांना संरक्षण देणारा कायदा मंजूर झाला. पण भ्रूण म्हणजे काय, या प्रश्नाला त्या कायद्याने हात घातला नाही.

याचे राजकारण कसे झाले?

मूलपेशी संशोधनासाठी उरलेले भ्रूण वापरावेत का, हा वाद २००१ पासून अमेरिकेत पेटला. ऑगस्ट २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी अशा संशोधनाच्या सरकारी निधीवर कठोर मर्यादा घातल्या. काँग्रेसने त्या शिथिल करणारे विधेयक मंजूर केल्यावर १९ जुलै २००६ रोजी बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्यांच्या कारकिर्दीतील तो पहिला नकाराधिकार. त्या वेळी व्हाइट हाऊसमध्ये त्यांच्याभोवती दत्तक भ्रूणांतून जन्मलेली मुले आणि त्यांची कुटुंबे उभी होती. ‘उरलेले भ्रूण’ म्हणजे नेमके कोण, हे दाखवण्यासाठी त्याहून प्रभावी चित्र नव्हते. भ्रूण दत्तकाच्या जनजागृतीसाठी केंद्रीय निधीही २००२ पासून दिला जाऊ लागला. बराक ओबामा यांनी मार्च २००९ मध्ये संशोधनावरील बंधने उठवली.

आज रिपब्लिकन पक्षाची कोंडी वेगळी आहे. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयव्हीएफ अधिक स्वस्त आणि सुलभ करण्यासाठी आदेश काढला. उपचार वाढले तर उरणारे भ्रूणही वाढतील. त्यामुळे पक्षाचा धार्मिक मतदार अस्वस्थ आहे.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप शब्दालाच आहे. ‘दत्तक’ फक्त मुलाला घेतात. भ्रूणासाठी हा शब्द वापरला, की तो मूल असल्याचे आपोआप गृहीत धरले जाते आणि गर्भपाताच्या वादात एका बाजूला वजन मिळते, असे टीकाकार म्हणतात. प्रजननवैद्यक क्षेत्रातील अमेरिकी व्यावसायिक संघटनेनेही ‘दत्तक’ हा शब्द टाळून ‘भ्रूणदान’ म्हणावे, अशी भूमिका घेतली आहे. मुलासाठी असतात तशा घरभेटी आणि तपासण्या भ्रूणासाठी सक्तीच्या केल्यास रुग्णांवर नाहक बोजा पडतो, हेही कारण दिले जाते.

दुसरा आक्षेप निवडीचा. नॉक्सव्हिलचे केंद्र विवाहित स्त्री-पुरुष दांपत्यांनाच भ्रूण देते. एकल महिला, समलिंगी जोडपी यांना तेथे दार बंद असते. देणाऱ्या कुटुंबाला वंश आणि धर्म पाहून निवड करण्याची मुभा असणे हा भेदभाव आहे, की स्वतःच्या जैविक अपत्याबद्दलचा नैसर्गिक हक्क, यावर दोन मते आहेत.

तिसरा आक्षेप धार्मिक वर्तुळातूनच येतो. उरलेले भ्रूण दत्तक जातील, असा दिलासा मिळाला, की आयव्हीएफ केंद्रांना अधिक भ्रूण तयार करण्यास मोकळे रान मिळते. म्हणजे एकीकडे बादलीने पाणी उपसायचे आणि दुसरीकडे नळ उघडाच ठेवायचा. यावर उपाय म्हणून टेनेसीतील एका ख्रिस्ती विचारांच्या केंद्राने उपचारात मोजकेच भ्रूण तयार करण्याचे धोरण ठेवले आहे.

त्या मुलांचे काय?

या चर्चेत सर्वात कमी ऐकू येणारा आवाज आहे तो या मुलांचा. त्यांना वाढवणारे आई-वडील एक, जनुके देणारे दुसरे आणि सख्खी भावंडे तिसऱ्याच घरात. एकाच उपचारातील भ्रूण दोन कुटुंबांत वाटले गेले, तर ही भावंडे एकमेकांना न ओळखताही भेटू शकतात. वैद्यकीय इतिहासाचाही प्रश्न आहे. ओरेगॉनच्या जुळ्यांचे भ्रूण एका अनामिक जोडप्याने, तेही दात्या महिलेचे स्त्रीबीज वापरून, तयार केले होते. तीस वर्षांत त्या जैविक पालकांना कोणते आजार झाले, हे मुलांना कळण्याचा मार्ग अरुंद आहे.

ब्रिटनने याबाबत स्पष्ट नियम केला. १ एप्रिल २००५ नंतर दान केलेल्या बीज-भ्रूणांतून जन्मलेल्या व्यक्तीला १८ व्या वर्षी दात्याची ओळख मागता येते. अमेरिकेत असा देशव्यापी नियम नाही. सारे करारावर अवलंबून आहे. ‘स्नोफ्लेक्स’सारखे कार्यक्रम दोन्ही कुटुंबांत पत्रे, छायाचित्रे, भेटी यांना उत्तेजन देतात. ओहायोच्या प्रकरणातही भ्रूण देणाऱ्या महिलेला बाळाची छायाचित्रे मिळाली. शिवाय, घरबसल्या होणाऱ्या डीएनए चाचण्यांमुळे निनावीपण आता फार काळ टिकत नाही.

भारतात हे शक्य आहे का?

सध्याच्या कायद्यानुसार नाही. साहाय्यभूत जननतंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा संबंधित जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचा, एवढेच पर्याय कायद्यात आहेत. भ्रूणाची विक्री, हस्तांतर किंवा वापर देशात वा देशाबाहेर कोणासाठीही करण्यास बंदी आहे. अपवाद फक्त स्वतःच्या वापरासाठी राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने ते अन्यत्र नेण्याचा. म्हणजे ओहायोतील बाळाचा भ्रूण आजच्या भारतीय नियमांनुसार साठवला गेला असता, तर दहाव्या वर्षीच त्याचा प्रवास संपला असता.

या तरतुदींमागे कारणही आहे. भारतात व्यावसायिक सरोगसीचा आणि बीजविक्रीचा बाजार फोफावला होता. गरीब महिलांच्या शोषणाच्या तक्रारी होत्या. भ्रूण हस्तांतराला वाट दिली, तर ‘दाना’च्या नावाखाली विक्री सुरू होण्याची भीती होती. पण परिणामी, ज्या जोडप्यांचे कुटुंब पूर्ण झाले आहे आणि ज्यांना उरलेले भ्रूण एखाद्या गरजू जोडप्याला मोफत द्यावेसे वाटतात, त्यांनाही तो मार्ग नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ऑगस्ट १९८६ मध्ये आयव्हीएफ बाळ जन्मले, तेव्हा हा उपचार दुर्मीळ होता. आज महाराष्ट्रात मोठ्या शहरांतच नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही आयव्हीएफ केंद्रे आहेत. कायदा लागू झाल्यानंतर गोठवलेल्या भ्रूणांची दहा वर्षांची मुदत २०३२ पासून संपू लागेल. तेव्हा हा प्रश्न येथील घरांतही येईल.

भारतातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणखी एक मुद्दा आहे. त्यांच्या व्यक्तिगत कायद्यात दत्तकाची तरतूद नाही. पूर्वी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली केवळ पालक होता येत असे. आता बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला पूर्ण हक्कांसह मूल दत्तक घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. मात्र, हा मार्ग जन्मलेल्या मुलापुरताच आहे.

पुढे काय?

मुदत घालून दिली, की प्रश्न सुटतो असेही नाही. ब्रिटनमध्ये पाच वर्षांची मुदत संपल्याने ऑगस्ट १९९६ मध्ये सुमारे ३,३०० भ्रूण नष्ट करण्यात आले, तेव्हा मोठे वादळ उठले होते. त्याच ब्रिटनने जुलै २०२२ पासून, दर दहा वर्षांनी संमती घेऊन ५५ वर्षांपर्यंत साठवणुकीची मुभा दिली. भारताने मुदत ठेवली, पण दानाचा पर्याय ठेवला नाही. अमेरिकेत देशपातळीवर मुदतही नाही आणि बंदीही नाही. त्यामुळे तेथे टाक्या भरत आहेत.

भ्रूण दत्तक घेणाऱ्या कुटुंबांची संख्या या साठ्याच्या तुलनेत नगण्य आहे. वर्षाला काही शे-हजार बाळे जन्मली, तरी दहा लाखांहून अधिक भ्रूणांचा प्रश्न त्यातून सुटणार नाही, हे त्या संस्थाही जाणतात. या पद्धतीने एक गोष्ट मात्र केली : टाकीतील भ्रूणांचे काय करायचे, हा खासगी आणि पुढे ढकलला जाणारा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणला. त्याचे उत्तर श्रद्धेने द्यायचे, कायद्याने द्यायचे, की उपचाराच्या पहिल्याच दिवशी ‘किती भ्रूण तयार करायचे’ या निर्णयाने, हे प्रत्येक समाजाला ठरवावे लागेल. ओरेगॉनमधील त्या महिलेने निर्णय घेण्यासाठी तीस वर्षे घेतली. भारतीय जोडप्यांकडे दहाच आहेत.